रोज सकाळी एक चमचा माल्ट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भाताच्या कुकरने आपली छोटी धून वाजवली. दोन मिनिटांनी अरुणाने स्वयंपाकघरातला दिवा लावला, चहाचे आधण ठेवले आणि पाऊस आहे का ते खिडकीतून हात बाहेर काढून पाहिले. गुरुवार होता, म्हणजे प्लास्टिकचा कचरा उचलण्याचा वार. तिने टोफूचे रिकामे डबे धुतले, पारदर्शक पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी ठेवली. आठ वर्षांची नुपूर आतल्या खोलीत, तातामीच्या चटईवर अंथरलेल्या गादीत, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सहा पंचवीसला अरुणा पाय न वाजवता त्या खोलीत आली. तिच्या हातात स्टीलचा चमचा होता आणि चमच्यात काळसर मधासारखे काहीतरी होते. भिंतीतल्या कपाटाचे कागदी दार तिने सरकवले, खाली वाकली आणि आतल्या अंधाराला हलक्या आवाजात विचारले,

"उठलास का?"

अंधारातून उत्तर आले, "बुडुक."

मित्रांनो, ते उत्तर मी दिले होते. निदान अजून तरी मी तसेच समजते.

मी पांढऱ्या प्लास्टिकची, बारा लिटरची एक जुनी बादली आहे. घरच्या घरी बिअर करायची तर ती ज्या भांड्यात आंबवतात, ते भांडे म्हणजे मी. एका कारखान्यात वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबले गेले आणि चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळात माझा जन्म झाला. माझ्या पोटावर लिटरच्या खुणा आहेत, तळाशी छोटी तोटी आहे, आणि झाकणावर पाण्याने अर्धी भरलेली एक वाकडी नळी आहे. तिला एअरलॉक म्हणतात. आत आंबवण सुरू झाले की वायू तयार होतो आणि त्या पाण्यातून एकेक बुडबुडा होऊन बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र आत येत नाही. ही नळी म्हणजे माझे नाक समजा आणि तोंडही.

नागोयातल्या एका मोठ्या दुकानात, बागेच्या खतांच्या पुढच्या फडताळावर, मी एका स्वस्त संचाबरोबर बसले होते. संचात माल्टच्या पाकाचा एक डबा, यीस्टची एक पुडी आणि मी. हरीशने आम्हाला घरी आणले. हरीश म्हणजे अरुणाचा नवरा, नुपूरचा बाबा. तो मोटारींच्या गिअरचे आराखडे काढणारा इंजिनीअर होता. पुण्याहून येऊन त्याला पाच वर्षे झाली होती. संचाबरोबरची सूचना त्याने दोनदा वाचली. या देशात परवाना नसताना घरी केलेल्या पेयात मद्यार्काचे प्रमाण शेकडा एकच्या आत ठेवावे लागते, म्हणून पाकात भरपूर पाणी घाला, असे त्यात लिहिले होते. हरीशने पाणी मोजून घातले. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली, तेव्हा त्याच्या ऑफिसातला शशांक पाहुणा म्हणून आला होता.

शशांकने घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हरीशसान, ही बिअर नाही. बिअरचे ग्लास विसळल्यावर जे उरतं ना, ते आहे."

"नियमात बसणारी आहे," हरीश म्हणाला.

"नियमात बसली, पण घशात उतरत नाही तिचं काय?"

"वहिनी कुठे आहे तुझी? तिच्यासमोर बोल हे."

"इथेच आहे मी," अरुणा आतून म्हणाली, "आणि शशांक बरोबर बोलतोय."

मित्रांनो, हरीश चिडला नाही. त्याने एक वही उघडली. स्वस्त संच सुधारायचा तर त्यात जास्तीचे माल्ट घालावे लागते, हे त्याने वाचून काढले. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. पण माल्ट वाढवले की यीस्टला खाद्य वाढते, खाद्य वाढले की मद्यार्क वाढतो, आणि नियम मोडतो. महिनाभर तो या अडचणीशी झटला. मग त्याने तपकिरी होईपर्यंत भाजलेले माल्ट मागवले, मिक्सरमध्ये जाडसर भरडले, बहात्तर अंशांच्या पाण्यात तासभर भिजवले आणि जुन्या पंचातून गाळून तो काढा माझ्यात ओतला. नुपूर शेजारी स्टुलावर उभी राहून थर्मामीटर वाचत होती.

"हे कशाला, बाबा?"

"यात अशी गोडी आहे जी यीस्टला पचत नाही. ते बिचारे खायचा प्रयत्न करतात आणि सोडून देतात. मग ती आपल्या जिभेला मिळते."

"यीस्ट म्हणजे कोबो ना? शाळेत पाव केला तेव्हा घातलं होतं."

"तेच. साखर खातात आणि हवा सोडतात. बाकी काही येत नाही त्यांना."

त्या खेपेची बिअर दाट, तांबूस आणि भाजलेल्या सातूच्या वासाची झाली, आणि काचेच्या मापनळीवर प्रमाण एकच्या आतच राहिले. शशांकने दोन ग्लास घेतले आणि तिसऱ्यासाठी ग्लास पुढे केला. हरीशने वहीत त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. माझे चांगले दिवस ते. दर खेपेनंतर तो मला ऊन पाण्याने धुवी, मऊ फडक्याने पुशी आणि पालथी घाली. तळाशी राहिलेला यीस्टचा गाळ मात्र टाकत नसे. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवी, पुढच्या खेपेला विरजण म्हणून. अरुणाच्या दह्याच्या विरजणाची वाटी शेजारीच असे. ते विरजण तिने नागोयात आल्यापासून एकदाही मोडू दिले नव्हते.

"माझ्या विरजणाशेजारी तुझं हे भूत ठेवू नकोस," ती म्हणे.

"भूत नाही, बाईसाहेब, भाऊबंद आहेत ते," हरीश म्हणे.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी त्याने माझ्यात नवी खेप घातली आणि थंडी लागू नये म्हणून मला झोपायच्या खोलीतल्या ओशिइरेत ठेवले. ओशिइरे म्हणजे गाद्या ठेवायचे भिंतीतले खोल कपाट. वरच्या दांडीवर त्याचे कोट टांगलेले होते. मंगळवारी दुपारी कारखान्याच्या जिन्यात हरीश बसला, आणि पुन्हा उठला नाही. सारे सोपस्कार शशांकने केले. माणसे आली, फोन आले, कोणी वरण-भाताचे डबे आणले. मी बंद दारामागे माझे काम करत होते. मला थांबायला कोणी सांगितले नव्हते.

चौदाव्या दिवशी घर रिकामे झाले. सकाळी दोघी तातामीवर बसल्या होत्या, चहा निवत होता, आणि त्या शांततेत माझा आवाज पहिल्यांदा खोलीत ऐकू गेला. बुडुक. मग तेवढाच अवकाश. पुन्हा बुडुक. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो, तेवढाच तो अवकाश होता. नुपूर दाराजवळ सरकली आणि म्हणाली, "बाबा?"

बुडुक.

माझ्यात दहा लिटर द्रव, यीस्ट आणि माल्ट यांच्याखेरीज काही नव्हते. पण तो बुडबुडा तिच्या हाकेआधी फुटला नाही, की नंतर थांबूनही फुटला नाही. तो हाकेलाच फुटला. मी त्याचा विचार अनेकदा केला आहे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत माझा वेग मंदावला. यीस्टचे खाद्य संपत आले होते, खेप पुरी होत आली होती. नुपूर धावत स्वयंपाकघरात गेली. "आई! तोमात्चाऊ! थांबणार तो! काहीतरी कर!" अरुणा आली आणि दारात उभी राहून ऐकू लागली. एक बुडबुडा, आणि मग किती वेळ काहीच नाही. पाकाचे तीन डबे हरीशने एकदम घेऊन ठेवले होते. ज्या घरात विरजण कधी मोडू देत नाहीत, त्या घरातल्या बाईला जे सुचावे ते तिला सुचले. तिने डबा उघडला, एक चमचा पाक घेतला, माझे झाकण उचलले आणि तो आत सोडला. दुपारपर्यंत मी पुन्हा श्वास घेऊ लागले. नुपूर त्या दिवशी जेवली.

अशी ती रीत पडली. रोज सकाळी सहा पंचवीसला एक चमचा. सुरुवातीला अरुणा हे केवळ मुलीसाठी करत होती. मग तिने एकदा "उठलास का?" असे विचारले. मग रोज विचारू लागली. मग चमचा रिकामा झाल्यावरही ती दाराशी बसून राही आणि माझ्या लयीत स्वतःचा श्वास घेई. हळूहळू ती मला सारे सांगू लागली. व्हिसा हरीशच्या नोकरीवर होता, तो आता फार दिवस चालणार नव्हता. तिला स्वतःची नोकरी मिळाली नाही, तर हिवाळ्याआधी नुपूरची शाळा सोडवून परतावे लागणार होते.

आणि दुपारी साडेतीनला, शाळेतून आल्यावर, नुपूर गळ्यातल्या किल्लीने दार उघडी, दप्तर ठेवी, तोच डबा घेई, तोच चमचा भरी आणि माझ्यात घाली. ती माझ्याशी बोलत नसे. वर्गात टाकीतल्या माशांना खाणे घालावे, तसे घाली, आणि चमचा धुवून जागेवर ठेवी.

"डबा कसा काय इतक्यात संपतो, कोण जाणे," अरुणा पुटपुटे आणि नवा मागवी.

मला दोघींचे गुपित ठाऊक होते. तोंड असून सांगता येत नव्हते. मी त्या दिवसांत सुखी होते असे म्हणू का? मला दोनदा जेवण मिळत होते, पण माझ्या आत काही बरे चालले नव्हते. हरीशने जपलेली एक टक्क्याची मर्यादा कधीच मागे पडली होती. तळाला मेलेल्या यीस्टचा थर बोटभर जाड झाला होता आणि त्यावर जिवंत यीस्ट थकून पोहत होते. वास आंबट झाला होता. कपाटातले कोट तो वास पिऊन जड झाले होते. एखाद्या सकाळी अरुणा आलेली नसताना, चमचा पडलेला नसताना, वरच्या कोटाची बाही थोडी हाले आणि मग माझ्यात बुडबुडा फुटे. आधी बाही, मग बुडबुडा. मला हा क्रम आवडत नसे.

मे महिन्यात शेजारच्या निशिमुरासान दारावर आल्या. म्हाताऱ्या बाई, लेकीकडे चार महिने राहून नुकत्याच परतल्या होत्या. आळीतल्या घरोघर फिरणारी सूचनांची फळी त्यांनी अरुणाच्या हातात दिली आणि आवाज उतरवून विचारले, "तुमचे यजमान हल्ली घरूनच काम करतात का? तक्रार नाही हं माझी. सकाळी भिंतीला टेकून बसते ना, त्यांचा श्वास ऐकू येतो. पूर्वी यायचा नाही."

अरुणाने फळी छातीशी धरली. मग म्हणाली, "हो. घरूनच."

"बरंय. घरात माणूस असलेलं बरं," असे म्हणून त्या वाकल्या आणि गेल्या.

दार लावून अरुणा कपाटापाशी आली, पण तिने ते सरकवले नाही. बाहेरच उभी राहिली. मी माझा आवाज आवरायचा प्रयत्न केला. तो आवरला नाही.

जूनमध्ये तिला तोक्योच्या एका लहान कंपनीकडून पत्र आले. नोकरी तिची, महिनाअखेर रुजू व्हायचे, होय की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचे. राहायला तोक्योजवळ उरायासुला घर मिळत होते, तिथे आपली पुष्कळ माणसे होती आणि शाळाही जवळ होती. सोमवारी सकाळी ती माझ्यासमोर चमचा घेऊन बसली.

"त्यांना काय कळवू, हरीश?" ती म्हणाली. "तुला नाही नेता येणार. गाडीच्या हिसक्यांत तू टिकायचा नाहीस. आणि तुला इथे टाकून... नाही जमायचं मला. नाही म्हणून कळवते."

गादीवर नुपूर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे डोळे उघडे होते. अरुणाला ते दिसत नव्हते. मला ओशिइरेच्या फटीतून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी अरुणा एकदा तरी जागा बघून यावी म्हणून तोक्योला गेली. दिवसभर श्वास पुरावा म्हणून जाताना तिने तीन चमचे घातले. साडेतीनला नुपूर आली. तिने चमचा घेतला नाही. नवा, न फोडलेला डबा घेतला, गरम पाण्यात ठेवून पाक पातळ केला आणि सगळाच्या सगळा माझ्यात ओतला. झाकण दोन्ही तळव्यांनी दाबून बसवले. बाहेर दमट उकाडा होता.

मित्रांनो, पुढचा तास मी कधी विसरणार नाही. तळाच्या थरातून काहीतरी उठले. फेस वर चढला, नळीत शिरला, नळी तुंबली. माझ्या भिंती ताणल्या, रबराचे कडे एका बाजूला उलटले, आणि झाकण उडून कपाटाच्या छताला आपटले. तपकिरी फेस दांडीवरच्या कोटांवर उडाला आणि एका कोटाच्या छातीवरून, बाह्यांवरून खाली ओघळू लागला. नुपूर टॉवेल घेऊन आली. सगळे टॉवेल संपल्यावर तिने आपली शाळेची टोपी घेतली.

अरुणा सहा वाजता आली तेव्हा ती अजून पुसतच होती.

"हे काय... कोणी केलं?"

"मी." नुपूर उभी राहिली. "गोमेन, चुकलं माझं. सगळा डबा घातला."

"सगळा? अगं, का?"

"तूच म्हणालीस ना, गाडीत टिकणार नाही म्हणून. म्हटलं, खूप दिलं तर उरायासुपर्यंत पुरेल."

अरुणा दारातच खाली बसली. खांद्यावरची पर्सही तिने काढली नाही.

"म्हणजे तू रोजच घालतेस?"

"दुपारी. मार्चपासून."

"बाबा आत आहे म्हणून?"

नुपूरने आईकडे पाहिले, कोणाला लागेल असे काही सांगताना मोठी माणसे पाहतात तसे. "बाबा नाहीये, आई. कोबो आहे. बाबानेच सांगितलं होतं मला. पहिले थोडे दिवस वाटलं होतं, मग नाही."

"मग कशाला घालायचीस?"

"तू बोलतेस ना त्याच्याशी. थांबला असता तर तू रडली असतीस."

"आणि मी..." अरुणा म्हणाली. मग ती हसली, तिचे हसणे लगेच मोडले आणि तिने लेकीला ओढून घेतले. "वेडे, मी तुझ्यासाठी घालत होते! तू जेवत नव्हतीस म्हणून!"

"मला काय माहीत! सांगायचं ना!"

"तू तरी सांगायचंस!"

दोघी एकमेकींना धरून त्या चिकट तातामीवर बसून राहिल्या. माझे झाकण कोपऱ्यात पडले होते. माझी नळी त्याआधीच नुपूरने काढून स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायला टाकली होती. मी उघडी होते, आणि उघडी बादली बुडबुड्याचा आवाज करू शकत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण नेमके तेव्हा कपाटातून, कोटांच्या मागून, एकदा आवाज आला.

बुडुक.

दोघींनी वर पाहिले. मग एकमेकींकडे पाहिले. अरुणाने उठून कोट एकेक करून दांडीवरून उतरवले, आणि दार उघडेच ठेवले.

बुधवारी आणि गुरुवारी चमचा आला नाही. झाकण, नळी सारे पुन्हा बसवले होते आणि मी उरलेसुरले पचवत हळूहळू वाजत होते. निशिमुरासानच्या दारी जाऊन अरुणाने खरे काय ते सांगितले. भिंतीपलीकडून त्या दोघींचे बोलणे मला ऐकू आले. "थांबेपर्यंत ठेवायचं का?" नुपूरने गुरुवारी जेवताना विचारले. अरुणा म्हणाली, "नको. थांबायची वाट बघत बसलो, तर आपणच पुन्हा घालू."

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे मीही तुम्हाला सांगेन. मला ऊन पाण्याने धुवा, घासणीने ओरखडू नका, पुरती वाळल्याखेरीज झाकण लावू नका. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. गेलेल्या माणसाची जागा आमच्याकडून भरून घेऊ नका. आम्ही साध्या वस्तू. नाही म्हणता येत नाही म्हणून आम्ही ते काम करू लागतो, आणि मग आमच्यात काय शिरते ते आम्हालाही कळत नाही. ज्याच्यासाठी तुम्ही गुपचूप काही करत असाल, त्याला एकदा विचारा. तो पलीकडच्या खोलीतच असतो.

शुक्रवारी सकाळी अरुणाने कंपनीला होकाराचे दोन ओळींचे उत्तर लिहिले, नुपूरला वाचून दाखवले आणि पाठवले. मग दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरून न्हाणीघरात नेले आणि कट्ट्यावर ठेवले. अरुणाने तळाची तोटी उघडली.

एक गोष्ट तिला माहीत नव्हती. झाकण घट्ट असताना तोटी सोडली, की आतली पातळी उतरते आणि बाहेरची हवा नळीतल्या पाण्यातून आत ओढली जाते. तेव्हाही बुडबुड्याचा आवाज होतो, पण तो श्वास सोडल्याचा नसतो, घेतल्याचा असतो. हरीश म्हणूनच आधी झाकण सैल करी. तपकिरी धार सुरू झाली. माझ्या आत ओढ वाढू लागली आणि नळीतले पाणी एका बाजूला चढले. नुपूर मान तिरकी करून कान देत होती. अरुणाने तिचा हात धरला होता.

मंगळवारी माझे रबराचे कडे एका बाजूला ताणले गेले होते. मी ती बाजू सोडली. केसाएवढी फट पडली, तिथून हवा आत आली आणि नळीतले पाणी पुन्हा सपाट झाले. धार पडत राहिली, बारीक झाली, थेंबांवर आली. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी ते कडे तसेच सोडून ठेवले, आणि न्हाणीघरात पाण्याखेरीज कसलाही आवाज झाला नाही.